घोरपड पोचली का?

+७

चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात टाकायला हात ओढला आणि गिअरचा दांडा सैल झाला. तुटला नाही, अडकला नाही. नुसता सैल. कढईतल्या झाऱ्यासारखा गोल गोल फिरायला लागला. इंजिन किंचाळत होतं आणि चाकांपर्यंत काहीच पोचत नव्हतं. मी ब्रेक दाबत दाबत गाडी कडेच्या वाळक्या गवतात घेतली.

पाच वाजून बारा मिनिटं. शर्यत संध्याकाळी सहाला संपणार. बारा तासांपैकी अकरा तास बारा मिनिटं पळालो होतो, आणि सात फेऱ्या पुढे होतो.

होतो.

(वरचा आकडा म्हणजे आम्ही लाल गाडीच्या किती फेऱ्या पुढे. मागे असलो की उणे. माझा भाऊ उदयदादा दिवसभर पाटीवर हाच आकडा खडूनं लिहून मला दाखवत होता, मराठी आकड्यांत, शेजारच्यांना वाचता येऊ नये म्हणून. मला ती शर्यत त्या पाटीशिवाय आठवतच नाही. तेव्हा तशीच सांगते.)

०

आदली संध्याकाळ. फेब्रुवारी एकोणीसशे शहाऐंशी. दक्षिणेतली, महायुद्धाच्या काळातली पडीक धावपट्टी. सूर्य टेकलेला. बाबालाल वस्ताद घोरपडीच्या शेपटाखाली उताणे पडले होते आणि त्यांच्या ओठांत एक स्प्लिट पिन होती, भोकात घालून टोकं वाकवायची तसली.

घोरपड म्हणजे आमची गाडी. कोल्हापुरात, उद्यमनगरात बांधलेली. ॲल्युमिनियमचा पत्रा हातानं ठोकून केलेलं अंग, कमरेएवढी उंची, वर छप्पर नाही. इंजिन एका साध्या घरगुती मोटारीचं, पण त्याचं हेड आमच्याच फाउंड्रीत ओतलेलं. बसकी आणि वळणावर रस्ता न सोडणारी, म्हणून घोरपड. फाउंड्री माझ्या वडिलांची. गाडी वस्तादांची. तिच्यातला एक नट त्यांनी दुसऱ्या कुणाला आवळू दिला नव्हता.

मी विजयमाला चौगुले. तेव्हा चोवीस वर्षांची. दादा आणि मी आळीपाळीनं चालवणार होतो. शेवटची पाळी माझी.

"वस्ताद, एवढं तरी मी लावतो," मी म्हणाले. आम्ही कोल्हापूरच्या मुली 'लावतो, जातो, करतो' असंच बोलतो; बाहेरचे लोक वळून बघतात.

"हं हं." पिन ओठांत, त्यामुळं नुसती मान.

"उद्या गाडीत मी एकटी असणार. पिटच्या बाहेर बंद पडली तर तुम्हाला हात लावता येत नाही. ड्रायव्हरनंच दुरुस्त करायची, गाडीतल्याच अवजारांनी. नियम आहे."

वस्तादांनी पिन तोंडातून काढली. "बंद पडत न्हाई."

"दोनदा पडलीय."

"पार्ट खराब व्हता. माझ्या हातचं काम सुटत न्हाई. सरक."

सरक. वस्ताद शिकवायचे ते एवढंच. कुणी पाना हातात घेऊन अडखळलं की मागून आवाज यायचा, "सरक." मग ते स्वतः बसायचे आणि दोन मिनिटांत काम संपलेलं असायचं. कसं केलं विचारलं तर म्हणायचे, "आसं." उद्यमनगरातले तीन शॉप त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांनी काढले होते, आणि ती सगळी माणसं त्यांच्या पाठीआडून डोकावून शिकली होती.

"चार वर्षं सरकतोय मी!" मी ओरडले. "सरकून सरकून कंपाउंडाबाहेर पोचलो!"

दादा टायरवर बसून हसला. "वस्ताद, एकदा तिच्या हातात पाना द्या. न्हाईतर उद्या ती स्टिअरिंग तुमच्या हातात दील."

वस्ताद सरपटत बाहेर आले. पक्कड, हातात होतं नव्हतं ते सगळं अवजारांच्या कापडी पिशवीत कोंबलं. त्यांच्या मानेची शीर उडत होती.

"घे. लाव तूच. मागचा पत्रा तेवढा लाव. चार स्क्रू हाईत. जमतील न्हवं?"

आणि चहाला निघून गेले.

मी पत्रा लावला. चार स्क्रू. रागानं असे आवळले की स्क्रूड्रायव्हरचं टोक घसरून अंगठ्यात गेलं.

अजून ०

यात काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं.

आधीची दोन वर्षं घोरपड या शर्यतीत उतरली आणि दोन्ही वर्षं पोचली नाही. एकदा चौथ्या तासाला, एकदा नवव्या. दोन्ही वेळा ट्रकात घालून परत. उद्यमनगराच्या कोपऱ्यावर आण्णाप्पाची चहाची गाडी होती. तो किटली वर धरून विचारायचा, "काय वस्ताद, पोचली का?" मग सगळ्यांनीच धरलं. फाउंड्रीत, नाक्यावर, मशिदीच्या दारात. पोचली का? वर्षभर. वस्ताद अठ्ठावन्न वर्षांचे होते. निघताना त्यांनी दादाला सांगितलं होतं, "ह्या वक्ताला न्हाई पोचली तर ही शेवटची. कापून भट्टीत टाकतो. हेडाचं ॲल्युमिनियम चांगलं हाय."

ते चेष्टा करत नव्हते.

−४

सकाळी सहाला, फटफटताना, झेंडा खाली.

बावीस गाड्या. धुरळा. तीन पॉइंट चार किलोमीटरची फेरी, एक मिनिट बावन्न सेकंद. वळणांना नंबर होते, ते आम्हाला लक्षात राहीनात, म्हणून आम्ही आमच्या कोल्हापूरची नावं ठेवली. लांब सरळ पट्टीच्या टोकाचं घट्ट वळण म्हणजे बिंदू चौक. शेवटचं लांबलचक गोल वळण म्हणजे रंकाळा.

लाल गाडी कोइमतूरच्या एका गिरणीमालकाची. परदेशी. तिच्या पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या जागेत, सतरंजी अंथरलेली आणि पंखा. त्यांच्यातल्या एकानं येऊन घोरपडीवर बोटानं टकटक केलं आणि हिंदीत म्हणाला, "बिस्किट का डब्बा?"

"त्याला सांग," वस्ताद दादाला म्हणाले, "डब्यात बिस्कुटं हाईत का न्हाई ते दुपारी बघू."

नऊ वाजता दादा चालवत असताना पुढच्या गाडीच्या चाकाखालून दगड उडाला आणि आमचा रेडिएटर फुटला. वस्तादांनी साडेसात मिनिटांत बदलला. मी बादली धरून उभी होते. "सरक." बादली ठेवली आणि सरकले.

उणे चार.

−१

दहा ते एक मी.

मी घोरपड कशी चालवली हे मला सांगता येत नाही. घोरपड मला घेऊन गेली. बिंदू चौकात बाकीच्या गाड्या बाहेर फेकल्या जायच्या, ही पोट जमिनीला लावून आत वळायची. रंकाळ्याला मी ॲक्सिलरेटर सोडलाच नाही. एकदाही नाही! तोंडात वाळू, मानेत कळ, आणि मी हेल्मेटमध्ये मोठमोठ्यानं ओरडत होते. काय ओरडत होते कोण जाणे.

पाटी: −३.
पाटी: −२. खाली "दाब".
पाटी: −१. खाली "लै भारी".

वस्ताद पिटच्या भिंतीपाशी मान खाली घालून उभे असायचे. गाडीकडे बघायचे नाहीत. नुसतं ऐकायचे. गाडी गेली की मान एकदा हलायची. दर फेरीला एकदा.

+७

अडीच वाजता लाल गाडीनं टायर बदलले, साडेतीनला तिचा डायनामो गेला. तेरा मिनिटं ती सतरंजीवर उभी होती.

पाटी: +१. पाटी: +४. पाटी: +७. खाली "दम धर".

उन्हं उतरली. मी शेवटच्या पाळीवर. सात फेऱ्या म्हणजे तेरा मिनिटं. कुंपणाबाहेर आजूबाजूच्या गावांतली माणसं जमली होती, बायका कडेवर पोरं घेऊन. त्या पत्र्याच्या डब्याकडं बोटं दाखवत होत्या. एक म्हातारा दर फेरीला पंचा हलवायचा. मी त्याला हात करायला लागले होते.

पाच वाजून बारा. गिअरचा दांडा. झारा.

बिंदू चौकाच्या अलीकडं, पिटपासून सर्वांत लांब.

+६

लाल गाडी गेली. वारा अंगावर आला.

मिशीवाला मार्शल धावत आला आणि दहा पावलांवर थांबला. त्यानं मला आधी खूण केली: तू, फक्त तू. मग कुंपणाकडं वळून सगळ्यांना सांगितलं, "नो टच! यू टच, कार औट!"

मी हेल्मेट काढलं, पट्टे सोडले, सीटवर उलटी गुडघे टेकून बसले. सीटच्या मागच्या भिंतीत एक झाकण होतं, वहीएवढं. गेल्या वर्षी मीच भांडून करून घेतलं होतं. त्याच्या आत काळोख, तेल, आणि भट्टीसारखी गरम गिअरबॉक्स. चार स्क्रू. झाकणाशेजारीच अडकवलेल्या स्क्रूड्रायव्हरनं काढले. हात घातला. दांड्याचं टोक मोकळं लोंबत होतं.

पुढं काय?

मला माहीत नव्हतं. मी तिथं कधी हात घातला नव्हता. मी कायम सरकलेली होते.

+५

"माला!"

वस्तादांना पळताना मी आयुष्यात तेव्हाच पाहिलं. लुंगी एका हातात धरून, अनवाणी, शेतातून. मागून दादा, पाटी काखेत. वस्ताद काटेरी तारेच्या कुंपणाला येऊन थडकले. माझ्यापासून चार हातांवर.

"सरक!" ते ओरडले, आणि एक पाय तारेवर टाकला.

मार्शलची शिट्टी. दादानं त्यांना मागून कमरेला धरलं. "वस्ताद, न्हाई! हात लावला तर संपलं सगळं!"

"आरं पन तिला—"

"बोला! नुसतं बोला!"

वस्तादांनी पाय तारेवरून खाली घेतला.

"दांड्याचं टोक सुटलंय," मी म्हणाले. "कुठं जोडायचं?"

"त्ये... त्ये हाय न्हवं, त्याच्या म्होरं... त्ये हे आसतंय..."

"हे म्हणजे काय?"

"हे म्हंजे... आगं त्ये ह्ये!"

लाल गाडी गेली.

"पाच," दादा म्हणाला.

+४

"डावीकडं बघ. डावीकडं हाताला लागंल."

मनगट गिअरबॉक्सला टेकलं. चर्र झालं. तो डाग अजून आहे.

"काही नाही डावीकडं!"

"हाय! म्या रोज लावतोय!"

"तुम्ही खालनं लावता! मी वरनं हात घातलाय! उलटं!"

वस्तादांचा चेहरा रडवेला झाला. खरंच. त्या माणसाला गाडीतली प्रत्येक गोष्ट ठाऊक होती आणि एकीचंही नाव ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी डोळे मिटले.

डोळे मिटून दोन्ही हात पुढे केले आणि हवेत काम करायला लागले. बोटं वळली, अंगठा काहीतरी चाचपू लागला. कुंपणावरची माणसं त्यांच्या हातांकडं बघायला लागली. हात आधी जात होते आणि शब्द त्यांच्या मागून येत होते.

"दोन बोटांचा चिमटा आसतोय. लोखंडाचा. गोठ्यातल्या खुट्याएवढा जाड. तुझ्या... तुझ्या उजवीकडं. वरच्या अंगाला. करंगळीनं बघ."

करंगळीनं बघितलं. "आहे! चिमटा आहे!"

"त्या दोन बोटांमदी दांड्याचं नेढं बसतंय. सुईत दोरा घातल्यागत. आरपार एक खुंटी जाती. ती खुंटी पडली आसंल. खालच्या पत्र्यावर. हात खाली सोड. जाऊ दे. अजून. अजून..."

"चार राहिल्या," दादा म्हणाला.

+३

खुंटी सापडली. माझ्या अंगठ्याएवढी, तेलात पडलेली. बाहेर काढली.

"आता ऐक," वस्ताद म्हणाले. डोळे अजून मिटलेले. "खुंटीच्या टोकाला बारीक भोक हाय. त्यात छोटी पिन व्हती, ती तुटली. म्हनून खुंटी निसटली. पार्ट खराब. तिचा तुकडा भोकात अडकला आसंल. तो आधी काढ. हाय का तुकडा?"

मी खुंटी उन्हाकडं धरली.

भोकात ग्रीस होतं. गोल, गुळगुळीत, अख्खं. तुकडा नाही, ओरखडा नाही. त्या भोकात कधी काही गेलंच नव्हतं.

वस्तादांनी डोळे उघडले. "हाय का?"

त्यांनी काटेरी तार दोन्ही मुठींत धरली होती.

"आहे," मी म्हणाले. "काढतो."

आणि त्यांच्याकडं पाठ करून मी ते ग्रीस नखानं काढलं.

+२

लाल गाडी आता वेगळीच पळत होती. त्यांना कळलं होतं. बिंदू चौकात तिचे टायर ओरडत होते.

"पिशवी घे," वस्ताद म्हणाले. "पक्कड हाय. कडंच्या खणात बारीक तार आसंल. पिनंच्या जागी तार घाल, दोन येढं, आन् पिळ."

मी सीटखालची पिशवी ओढली. पक्कड उपसली. तिच्याबरोबर आणखी एक वस्तू बाहेर आली आणि माझ्या मांडीवर पडली. मी ती पटकन मुठीत झाकली.

"घावली का तार?"

"घावली."

दांड्याचं नेढं चिमट्यात. बसेना. बसेना. घाम डोळ्यांत. वस्ताद हवेत अंगठा दाबत होते, मी आत दाबत होते.

"जोर नगं! जोर केलास की तिरकं हुतंय. हलव. झोपल्या पोराच्या तोंडातनं अंगठा काढतीस तसं. हळू... हळू..."

टक.

"बसलं!" मी ओरडले.

"बसलं!" दादा ओरडला.

कुंपणावरच्या म्हाताऱ्यानं पंचा उडवला आणि न कळलेल्या भाषेत तोही ओरडला, "बसलं!"

+१

खुंटी आरपार. पलीकडं करंगळीला तिचं टोक लागलं. भोक लागलं. मुठीतली वस्तू त्यात सरकवली. पक्कड आत घालून, न बघता, टोकं वाकवली. एक. दोन.

"वाकलं का?"

"वाकलं."

"हलवून बघ."

हलवलं. घट्ट.

"मग बसलीस का? जा की!"

०

पट्टे आवळत होते तेवढ्यात लाल गाडी सातव्यांदा गेली.

पाच सव्वीस. चौतीस मिनिटं. आता दोघी एकाच फेरीत, आणि ती पुढे. अर्ध्या मिनिटानं.

पहिला. गेला! दुसरा. गेला! तिसरा! गवत, धुरळा, डांबर. चौथा! घोरपड उडाली.

मागे वळून बघायला आरसा होता, पण मी बघितलं नाही. पुढच्या फेरीला त्या कुंपणापाशी आले तेव्हा वस्ताद तिथंच होते. मान खाली घालून ऐकत होते. मान हलली. एकदा.

सेकंद

दादा पिटमध्ये पोचला होता. आता पाटीवर फेऱ्या नव्हत्या, सेकंद होते.

३१.
२९.
२६. "दाब".
२३. "दाब दाब".

लाल गाडीनं सात फेऱ्या जीव तोडून मारल्या होत्या आणि तिचे ब्रेक संपत आले होते. मला दिसायला लागलं: बिंदू चौकाच्या आधी ती लवकर वेग कमी करत होती. आधी शंभर पावलं लवकर. मग दीडशे.

१५.
११.
६.

मला गिअर बदलताना प्रत्येक वेळी ती वस्तू दिसत होती, काळोखात, वाकवलेल्या टोकांची. प्रत्येक वेळी मी दांडा हळू ओढला. झोपल्या पोराच्या तोंडातनं अंगठा काढावा तसा. आणि तरी वेग वाढतच होता!

२.

कोरी पाटी

शेवटून दुसऱ्या फेरीला दादानं पाटी दाखवली आणि तिच्यावर काहीच नव्हतं. लिहायला वेळ मिळाला नव्हता. ती कोरी पाटीच तो डोक्यावर धरून नाचत होता.

बिंदू चौक. लाल गाडीनं ब्रेक लावला. मी लावला नाही. अजून नाही. अजून नाही. आता! घोरपडीनं पोट टेकलं, आतल्या बाजूला इंचभर जागा होती, त्यात ती घुसली, माझ्या कोपरापाशी लाल पत्रा, लाल पत्रा, लाल पत्रा, आणि मग नुसता रस्ता.

रंकाळ्याला पाय उचलला नाही.

सूर्य बुडत होता. झेंडा पडला. घोरपड पोचली. तीनशे पासष्ट फेऱ्या. पहिली.

तपासणी

पहिल्या तीन गाड्या लगेच तपासायला घेतात. घोरपडीभोवती दोर लावला होता. मुख्य तपासनीस चष्म्यावरून बघणारे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी मार्शलचा कागद वाचला आणि हिंदीत वस्तादांना विचारलं, "रस्त्यावर काय जोडलंत? दाखवा."

आता हात लावायची परवानगी होती. वस्ताद पुढे झाले. मी सरकले. त्यांनी बाही वर केली, झाकणातून हात आत घातला आणि डोळे मिटले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. दादाही बघत होता; तो हसत होता, त्याला काही माहीत नव्हतं.

वस्तादांचा हात आत थांबला.

तार आणि पिन यांतला फरक त्या बोटांना कळायला वेळ लागणार नव्हता. आणि ही पिन तर त्यांनीच निवडलेली. तिची दोन्ही टोकं त्यांनी घासून गोल केली होती, कोल्हापुरात, हात कापू नये म्हणून. आदल्या संध्याकाळी ती त्यांच्या ओठांत होती. मला "सरक" म्हणायला त्यांनी ती तोंडातून काढली, आणि रागात पकडीबरोबर पिशवीत कोंबली. मग मी वरून पत्रा लावला. चार स्क्रू. चांगले आवळून.

अकरा तास बारा मिनिटं ती खुंटी नुसत्या ग्रीसवर उभी होती.

वस्तादांनी हात बाहेर काढला. तळव्यावर कुंपणाच्या काट्यांची रक्ताची ओळ होती. त्यांनी तो लुंगीला पुसला.

"क्या लगाया?" तपासनिसांनी पुन्हा विचारलं.

वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही.

"पिन," ते म्हणाले. "बराबर लगाया."

उद्यमनगर

ट्रकानं परत यायला दोन दिवस लागले. वस्ताद पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघं मागे घोरपडीबरोबर. दोन दिवसांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जेवायला थांबलो तेव्हा भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढं सरकवला, तेवढंच.

"रागावलेत का काय?" दादा विचारायचा.

"मला काय माहीत," मी म्हणायची.

घरी कळवायला ट्रंककॉल लावला होता, लागला नव्हता. त्यामुळं उद्यमनगरात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. सकाळी दहाला ट्रक कोपऱ्यावर वळला. ताडपत्रीखाली गाडी, म्हणजे मागच्यासारखीच आली असा सगळ्यांचा समज. फाउंड्रीतली माणसं काळ्या हातांनी बाहेर आली. आण्णाप्पानं किटली वर धरली.

"काय वस्ताद! पोचली का? का ट्रकानंच न्हेली आन् ट्रकानंच आणली?"

हशा पिकला.

वस्ताद खाली उतरले. लुंगी नीट केली.

"पोचली," ते म्हणाले. "पैली आली."

मग काय झालं ते सांगता येणार नाही. ताडपत्री कुणी ओढली, मला कुणी उचललं, गुलाल कुठून आला. कुणीतरी हलगी आणली. आण्णाप्पानं किटली रस्त्यावर उपडी केली आणि चहाच्या ओहोळात नाचला.

"वस्ताद!" तो ओरडत होता. "मानलं! तुमच्या हातचं काम! एक पिन हलली न्हाई म्हना की!"

"थांब," वस्ताद म्हणाले.

त्यांनी हलगीवाल्याला हात केला. हलगी थांबली. मला कळलं ते काय करणार आहेत, आणि मी गर्दीतून ओरडले, "वस्ताद, राहू द्या!"

"तू गप. तुला खोटं बोलाय येत न्हाई. पाठ कशाला केलीस माझ्याकडं? तवाच कळालं व्हतं मला कायतरी हाय."

मग सगळ्यांकडं वळून, फाउंड्रीत ओरडायचे त्याच आवाजात:

"पार्ट खराब नव्हता. म्या पिन घातलीच नव्हती. तोंडातनं काढली आन् पिशवीत ठिवली. गाडी बंद पडली ती माझ्यामुळं. हिनं घातली. आतनं, उलटा हात घालून, न बघता. घोरपड म्या बांधली. पोचवली हिनं."

आण्णाप्पाची रिकामी किटली त्याच्या हातात लोंबत होती.

मग मागून फाउंड्रीतला एक म्हातारा मोल्डर म्हणाला, "मग बघू तरी दे की ती पिन."

सगळे घोरपडीच्या शेपटाभोवती जमले. वस्तादांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पत्र्यापाशी गेले. मी बाजूला सरकले. चार वर्षांची सवय.

"आता कुठं सरकालीस?" वस्ताद म्हणाले.

स्क्रूड्रायव्हर उलटा करून मूठ त्यांनी माझ्याकडं केली, आणि दोन पावलं मागे जाऊन, हात पाठीशी बांधून, आण्णाप्पाच्या खांद्याआडून डोकावत उभे राहिले.